मुशी गरीला लागली तर हात कुठे घालायचा आणि कुठे नाही

ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हा भाऊ पुण्याचा, वर्षभरापूर्वी रॉड घेतलाय, महिन्यातून एकदा मित्राबरोबर रत्नागिरीकडे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला येतो. गेल्या शनिवारी रात्री जेटीवर बांगड्याच्या तुकड्याला दोन फुटी मुशी, म्हणजे लहान शार्क, लागली. तंगुसानेच (रॉडच्या नायलॉन दोरीनेच) वर ओढली, मित्राने बूट ठेवून दाबली, याने ग्लोव्ह घालून तोंडातली गरी (हूक) काढायला घेतली आणि मुशी अशी काही वळली की ग्लोव्ह फाटून बोटाला चार टाके पडले. दहा मिनिटांनी मुशी पाण्यात सोडली तर ती पोट वर करून सरळ तळाला गेली. आता विचारतोय की ग्लोव्ह कुठले घेऊ, आणि फोटोत पोटावर जी चीर दिसतेय ती आमच्या बुटाने पडली का.

चिरेचं शेवटी सांगतो, कारण त्यात वेगळीच गोष्ट आहे. ग्लोव्हचं आत्ताच सांगून टाकतो: कुठलेही घे, दातांसमोर काही टिकत नाही. ग्लोव्ह कातडीसाठी असतात. मुशीच्या अंगावर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरव, गुळगुळीत लागेल, उलटा फिरवलास की काचपेपर, तळहाताची साल निघते. तेवढ्यापुरते ओले सुती ग्लोव्ह पुरतात, शंभर रुपयात जोडी. पण ग्लोव्ह घातला म्हणून हात तोंडाजवळ न्यायचा धीर येतो ना, तिथेच घात होतो. तुझा खरा प्रॉब्लेम ग्लोव्ह नव्हताच. मासा वर येईपर्यंत तुम्ही दोघांनी ठरवलंच नव्हतं की तो खायचा की सोडायचा की नुसता फोटो काढायचा, मग तो जेटीवर तडफडत असताना ठरवायला बसलात.

माझं सांगायचं तर मी मालवणकडचा, घरची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) होती, आता पंधरा-सोळा वर्षं छोटी होडी आहे आणि पाहुण्यांना गरवायला नेतो. तुम्ही मुशी म्हणता, आम्ही मोरी म्हणतो. लहानपणी रापणीत आलेल्या मोऱ्या वेगळ्या काढायचं काम आम्हा पोरांकडेच असायचं त्यामुळे भीती अशी कधी नव्हती, आणि भीती नव्हती म्हणूनच चावून घेतलं. बावीस-तेवीस वर्षांचा असेन, होडीत टोपलीत टाकलेली मोरी, अर्धा तास झालेला, डोळे थिजलेले, मी बर्फ नीट पसरायला हात घातला आणि तिने अंगठ्याच्या बुडाला धरलं. नुसतं धरलं नाही, धरून मान हलवली. अजून अर्धचंद्रासारखा डाग आहे तिथे. तेव्हापासून माझ्या होडीत नियम आहे, मोरी मेली की नाही हे हाताने बघायचं नाही, काठीने बघायचं. मेल्यावरही जबड्याला काही लागलं तर तो बऱ्याच वेळाने मिटू शकतो, तोडलेल्या मुंडक्याचासुद्धा.

आता ती वळली कशी. बांगडा, सुरमई असा मासा धरला तर तो आडवा फडफडतो, पण त्याला काट्याचा कणा आहे, एका मर्यादेपलीकडे वाकत नाही. मुशीला हाड नाहीच, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाची वरची कड असते ना तसा. त्यामुळे ती आपल्या शेपटीपर्यंत तोंड नेऊ शकते. नुसती शेपटी धरून उचललीस तर ती वर वळून मनगटाला येते, नुसतं मधे दाबलंस तर दोन्ही टोकं मोकळी. म्हणून धरायची तर दोन जागी: एक हात डोक्याच्या मागे, कल्ल्यांच्या फटी संपतात आणि बाजूचे पंख सुरू होतात तिथे वरून, आणि दुसरा हात शेपटीच्या बुडाशी जिथे अंग बारीक होतं तिथे. उचलायची वेळ आली तर पुढचा हात पोटाखाली सरकवून आडवी उचलायची. कल्ल्यात बोटं घालायची नाहीत, त्या फटींच्या आत जे लाल असतं ते फाटलं की मासा संपला.

बुटाचं म्हणशील तर ती सवय सोडाच. तुमची चूक अशी नाही, मी मोठमोठ्या लोकांना बुटाने दाबताना बघितलंय. पण मुशीच्या पोटाभोवती बरगड्यांचा पिंजरा नसतो. बाजारात मोरी साफ करणाऱ्या बायका बघ, पोट उघडलं की सगळ्यात आधी ते मोठं पिवळट लिव्हर बाहेर घरंगळतं, अर्धं पोट तेच. पाण्यात असताना पाणी सगळीकडून तोलून धरतं, बाहेर काढली की तिच्याच वजनाने आतलं सगळं दबतं, वर आपला सत्तर किलोचा पाय. शेपटीला धरून उलटी लटकवून फोटो काढतात त्यातही हेच होतं, सगळी आतडी-लिव्हर गळ्याशी येतात. वरून दिसायला धडधाकट, सोडल्यावर पोहतपण जाते, आणि मग कुठेतरी मरते.

तुझी तळाला का गेली? मुशीला इतर माशांसारखी आत हवेची पिशवी नसते, पोहणं थांबलं की ती बुडते. दहा मिनिटं बाहेर, त्याआधी रॉडवर पळवलेली, त्यात दाब. एवढ्यावर नुसती टाकून दिली तर बहुतेक वेळा असंच होणार. मी पाहुण्यांना सांगतो की मासा पाण्याबाहेर काढताना स्वतःचा श्वास रोखून धरा, तुम्हाला जड झालं म्हणजे त्याला केव्हाच झालंय.

तर आता मी कसं करतो ते. यात पुष्कळ गोष्टी 'तू कुठे उभा आहेस' यावर आहेत, होडीतून वाकून पाण्यापर्यंत हात पोचतो, वाळूत मासा गुडघाभर पाण्यात ठेवता येतो, जेटीवर यातलं काहीच नाही आणि खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, तर स्वतःचाच तोल सांभाळायचा असतो. माशाच्या आकारावरपण आहे. आणि तू एकटा आहेस की दुसरं माणूस आहे, यावर तर सगळ्यात जास्त. रात्री एकटा असशील तर माझं उत्तर एका ओळीत आहे, तंगूस काप आणि घरी जा.

दोघं असाल, मासा दोन-अडीच फुटाच्या आत असेल आणि सोडायचा असेल तर जेटीवर तंगुसाने वर ओढायचा नाही. दहा-बारा फूट हवेत लटकताना सगळं वजन त्या एका गरीवर येतं, जबडा फाटतो. ड्रॉप नेट लागतं. विकतचं महाग वाटत असेल तर आमच्याकडे पोरं जुन्या सायकलच्या रिमला जाळ्याचा तुकडा बांधतात, तीन बाजूंनी दोऱ्या वर एका गाठीत, थोडं शिसं की बुडतं. मासा वर आला की त्याखाली सरकवायचं आणि सपाट उचलायचं. जेटीला पायऱ्या असतील तर मासा चालवत तिकडे नेता येतो पण ओहोटीला खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, मासा वाचवताना माणूस गेला असं नको.

वर घेतला की ओला टॉवेल किंवा ओलं गोणपाट डोळ्यांवर. हे फुकटचं आणि सगळ्यात कामाचं. अंधार झाला की मुशी निम्म्याने शांत होते. जमीन कोरडी गरम नको, आधी बादलीभर खारं पाणी ओतून ठेव. एकाने मघा सांगितल्यासारखं दोन जागी धरायचं, गुडघे त्याच्या दोन बाजूला ठेवायचे पण वजन टाकायचं नाही, आणि दुसऱ्याने गरी बघायची. धरणारा आणि गरी काढणारा एकच माणूस नको. तुझं तिथेच फसलं, मित्र उभा, त्याचं लक्ष तुझ्याकडे, तुझं लक्ष गरीकडे, मुशीकडे कोणाचंच नाही.

गरी जबड्याच्या कोपऱ्यात असेल आणि उघडी दिसत असेल तर लांब चोचीची पक्कड, निदान अकरा इंची, बाजूने आत न्यायची, समोरून नाही. ज्या दिशेने घुसली त्याच वाटेने मागे फिरवायची. दोन प्रयत्न. तिसरा नाही. गरी आत गिळलेली असेल, दिसतच नसेल, तर पक्कड बॅगेतून काढायचीच नाही. तंगूस जितका तोंडाजवळ कापता येईल तितका काप आणि सोड. गिळलेली गरी ओढून काढली की तिच्याबरोबर आतलंपण येतं, ते आपल्याला दिसत नाही इतकंच. लोक म्हणतात गरी आत राहिली तर मरेल, आत राहिलेल्या गरीनेपण काही मरतात हे खरं आहे, पण ओढाओढीने त्याहून जास्त मरतात. मात्र तंगूस लांब सोडू नका, तीन-चार फूट शेपूट लोंबत राहिलं की ते खडपात अडकतं.

म्हणून सगळं ठरतं ते घरातून निघतानाच. स्टेनलेसची गरी वापरू नको, साधी कार्बन स्टीलची घे, ती खाऱ्या पाण्यात गंजून कधीतरी गळून पडते, स्टेनलेस तिच्या तोंडात वर्षानुवर्षं राहील. उलटा काटा पक्कडीने चेपून टाक. आणि नेहमीच्या J आकाराच्या हूकऐवजी सर्कल हूक घे, त्याचं टोक आत वळलेलं असतं, गिळली तरी बाहेर सरकताना घशात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. फक्त सवय बदलायला लागते, झटका मारायचा नाही, तंगूस ताणला गेला की नुसतं गुंडाळत राहायचं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे जमायला दोन ट्रिप जातात, झटका मारल्याशिवाय त्यांना गरवल्यासारखंच वाटत नाही. आणि स्टीलची वायर लावतोस का? खास मुशीच्या मागे नसशील तर लावू नको. जाड नायलॉनचा लीडर (गरीला लागून असलेला तुकडा) असेल तर मोठी मुशी तो दाताने स्वतःच कापून जाते, तुझी एक गरी गेली, विषय संपला.

सोडताना फेकायची नाही. ड्रॉप नेटमधूनच खाली सोड आणि जाळं पाण्यात तसंच तिरकं धरून ठेव, ती स्वतः निघेपर्यंत. होडीत किंवा वाळूत असशील तर तोंड प्रवाहाकडे करून धर, पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यातून बाहेर गेलं पाहिजे. पुढे-मागे हलवत बसू नको, मागे ओढलं की पाणी उलटं शिरतं. वाळूतून शेपटीला धरून मागे ओढत नेणं हे त्याच कारणासाठी वाईट, वर कल्ल्यात वाळू भरते. खडपातल्या बांबू शार्क वगैरे एका जागी बसून श्वास घेऊ शकतात, त्या चिवट असतात. हॅमरहेड, म्हणजे कानमुशी, ती याच्या एकदम उलट, भांडतानाच एवढी खचते की वर काढली तर जवळजवळ गेलीच समज. ते रुंद डोकं पाण्यात दिसलं की मी रॉड वाकवूच देत नाही, कापतो.

खायची असेल तर काहीच हरकत नाही, मी स्वतः खातो, मोरीच्या मटणाशिवाय आमचं भागत नाही आणि बाळंतिणीला तर आवर्जून देतात. पण मग पटकन मार. डोकं गोणपाटाने झाकून, डोक्याच्या मागे जड सुरीने कणा तोडायचा, लगेच रक्त काढायचं, पोट साफ करायचं आणि बर्फात. टोपलीत तासभर तडफडू देणं वाईट तर आहेच, शिवाय चव जाते. मुशीच्या अंगात युरिया असतो, खाऱ्या पाण्यात तग धरायला तिला तो लागतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो, आणि मग घरी बायको म्हणते हे काय आणलंत, मुतारीसारखा वास येतोय. तो वास माशाचा नसतो, आपल्या आळसाचा असतो. मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठलेला असतो तेव्हा बाळंतिणीला किंवा पोटुशीला द्यायची तर लहान जातीची, तीही रोज नको.

चार फुटाच्या वर काहीही असलं तर मी पाण्याबाहेर काढतच नाही, पाहुणा कितीही रुसला तरी. खाडीत तर अजिबात नाही. आडवं-जाड अंग, बोथट थोबाड, बारीक डोळे अशी दिसली तर ती बुल शार्क, ती गोड्या पाण्यातपण चढते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघरला मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात एका तरुण पोराच्या पायाचा तिनेच चावा घेतला होता, पेपरात फोटो आलेले. लोकांना तेव्हा धक्का बसला की नदीत शार्क कशी, पण खाडीकाठच्या जुन्या माणसांना नवल वाटलं नसणार. म्हणून खाडीत उभं राहून गरवताना पकडलेले मासे कमरेला बांधून ठेवू नका, आणि मासे साफ करून घाण आपल्याच पायाशी सोडू नका.

कायद्याचं एक. साधी मुशी पकडायला बंदी नाही, पण काही जाती वन्यजीव कायद्यात आहेत. व्हेल शार्क २००१ पासून, करवत मासा पण. गरीला व्हेल शार्क लागायची नाही पण होडीवाल्यांच्या जाळ्यात येते. अशी संरक्षित जात जाळं कापून सोडली तर आपल्याकडे जाळ्याची नुकसानभरपाई मिळते, २५ हजारांपर्यंत, कांदळवन कक्ष आणि मत्स्य खात्याची २०१८ ची योजना आहे. त्यासाठी मासा जाळ्यात असतानाचे आणि सोडतानाचे फोटो लागतात, तेव्हा खलाशातल्या एकाला आधीच मोबाईल धरून उभा करा, जाळं कापून झाल्यावर कोणाला आठवून उपयोग नाही. काही सुचलं नाही तर वन विभागाचा १९२६ नंबर आहे. आणि ओळखता आलं नाही तर सोडून द्या, न ओळखता घरी नेण्यापेक्षा ते बरं.

आता तुझं बोट. टाके घातलेत, ठीक, पण डॉक्टरला समुद्राच्या पाण्यातला चावा आहे हे सांगितलंस का? नसेल तर आज जाऊन सांग. मी तेव्हा हळद भरून फडकं गुंडाळलं आणि दिवसभर जाळी ओढली, तिसऱ्या दिवशी हात पावासारखा फुगला, पंधरा दिवस घरी. खाऱ्या पाण्यातले जंतू वेगळे असतात, त्यावर औषध वेगळं लागू शकतं, कधी जखम मुद्दाम उघडी ठेवतात, कधी दाताचा तुकडा आत राहिलाय का बघायला एक्स-रे काढतात. लाली वर चढायला लागली, ताप आला, ठणका वाढला तर सकाळची वाट बघू नको. ज्याला शुगर किंवा लिव्हरचा त्रास आहे त्याने तर चावा छोटा असला तरी त्याच रात्री जावं. जागेवर करायचं ते एवढंच: पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवायचं, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचं, हात वर. दर दोन मिनिटांनी कापड उचलून बघायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन.

त्याच जेटीवर त्याच आमिषाला रात्री पाकटपण (स्टिंग रे) लागते म्हणून सांगतो, तिची भीती तोंडाची नाही, शेपटीच्या काट्याची. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशाच्या आसपास, अर्धा ते दीड तास हात किंवा पाय बुडवून ठेवायचा, ते विष उष्णतेने निकामी होतं आणि कळ उतरते. पाणी किती गरम ते बरोबर असलेल्या माणसाने बघायचं, ज्याला लागलंय त्याला त्या कळेत समजत नाही, भाजून घेतात. काटा खोल गेला असेल, छातीत-पोटात असेल तर उपटायचा नाही, तसाच दवाखान्यात.

आता ती चीर. तुझा फोटो मोठा करून बघितला. आपल्याकडे बाजारात ढिगाने येते ती लहान मुशी दोन फुटाला पूर्ण वाढलेली असते, फावड्यासारखं चपटं लांब थोबाड असतं तिचं, वर्षा-दोन वर्षात वयात येते, एका वेताला दहा-बारा पिल्लंसुद्धा घालते. तुझ्या फोटोतली ती नाही. थोबाड टोकदार आहे, अंग भरीव, पंखांची टोकं काळी. ही ब्लॅकटिप शार्कच्या जातकुळीतली, हिची मादी सहा फुटाच्या पुढे जाते, दहा-बारा महिने पोटात वाढवून दोन वर्षातून एकदा चार-सहा पिल्लं देते, आणि ती पिल्लं जन्मतानाच दीड-दोन फुटाची असतात. त्यांना घालायला ती उथळात येते, खाडीच्या तोंडाशी, तुमच्या जेटीसारख्या जागी. बाजूच्या दोन पंखांच्या मधोमध पोटावर ती बारीक चीर दिसतेय ना, कडा फिकट, अजून मिटत आलेली नाही, ती बुटाची नाही रे. ती नाळेची जागा आहे, थोड्या आठवड्यात भरून येते. तुमच्या हातात आली ती मुशी फार तर काही दिवसांची होती.